शो संपल्यावरची दहा मिनिटं

ताई, मी ३१ वर्षांची आहे. आमच्या इथल्या एका इंडी पॉप बँडची चाहती. चौघं आहेत, स्वतःची गाणी स्वतः करतात. तीन वर्षं झाली, त्यांचा शो मी सहसा चुकवत नाही. दर शोची सेटलिस्ट, म्हणजे कुठल्या क्रमाने काय वाजवलं ती यादी, माझ्या वहीत आहे, बऱ्याच शोंचं रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समोर वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी त्यांचीच मित्रमंडळी. शो झाला की चौघंही खाली येऊन गप्पा मारायचे, गायक मला नावाने हाक मारायचा. आता हॉल भरतो. गेल्या शोनंतर नव्या गाण्याबद्दल सांगायला गेले तर 'हो हो, थँक्स' म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत निघून गेला. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. त्यात माझं सगळ्यात आवडतं गाणं त्यांनी वाजवायचं बंद केलंय आणि नव्या गाण्यांत सिंथच सिंथ (सिंथेसायझर). आता त्यांचं काम बघणारी मुलगी विचारतेय, दर शोला टी-शर्टच्या टेबलावर बसशील का, एन्ट्री फ्री. दादा म्हणतो, हे काय वय आहे बँडच्या मागे फिरायचं? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत असते, त्यावरूनही टोमणे. मी जाणं बंद करावं का?
— पहिल्या रांगेतली

प्रिय पहिल्या रांगेतली,

बंद करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

पत्रात तू पाच-सहा तक्रारी मांडल्या आहेस, पण दुखतंय एकच: तो 'हो हो, थँक्स'. तेवढं घडलं नसतं तर सिंथही चालला असता आणि टेबलाचं तू मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं असतंस. म्हणून आधी तेच बघू.

मी काही वर्षं एका छोट्या हॉलमध्ये शोच्या दिवशीची कामं बघायचे. दारावरची यादी, कोणी किती वाजता स्टेजवर चढायचं, किती वाजता उतरायचं, असली कामं. प्रेक्षकांच्या दृष्टीने शेवटचं गाणं संपलं की शो संपतो. स्टेजवरच्यांची सगळ्यात घाईची दहा मिनिटं तिथून सुरू होतात. ड्रमर घामाने निथळत सिंबलचे नट फिरवायला लागतो. ड्रमचा सेट हॉलचा असला तरी स्नेअर, सिंबल आणि पायातलं पेडल ज्याचं त्याचं असतं, आणि पुढच्या बँडचा ड्रमर स्वतःच्या सिंबलची पिशवी खांद्याला लावून कडेला उभाच असतो. गिटारवाला गुडघ्यावर बसून गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलच्या तारा उपसतोय. खाली चार काळ्या केबल एकमेकींत गुंतल्या आहेत, त्यातल्या दोन हॉलच्या आणि दोन यांच्या, आणि चुकून हॉलची केबल बॅगेत गेली तर उद्या फोन येणार. कोणीतरी मागून ओरडतंय, 'स्टेज मोकळं करा.' शेवटचा बँड असेल तर हॉल बंद करायची वेळ झालेली असते, मधला असेल तर पुढच्याला पंधरा-वीस मिनिटांत वाजवायला उभं राहायचं असतं. म्हणजे घाई काही चुकत नाही.

या सगळ्यात गायक खाली येतो. तासभर दिव्यांचा झोत डोळ्यांवर होता, त्यामुळे समोरचा चेहरा ओळखायलाही त्याला जरा वेळ लागतो. पायाशी मॉनिटर (स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) आणि पाठीशी ड्रम अशा कात्रीत उभं राहून कान बधिर झालेले असतात. हॉलमध्ये तोवर कोणीतरी मोठ्याने गाणी लावलेली असतात आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलणं घशाला गाण्याइतकंच जड जातं. कित्येक गायक शोनंतर मुद्दाम बोलत नाहीत ते त्यासाठीच. डोक्यात आणखी वेगळंच चाललेलं असतं: दारावर किती माणसं मोजली, हिशोब कोण करणार, सामान कोणाच्या गाडीत जाणार. तू नेमकी त्या क्षणी, तीन वर्षांचं ऐकणं मनात साठवून, त्याच्यासमोर गेलीस.

वीस माणसांसमोर वाजवायचे तेव्हाही ही घाई होतीच. फरक इतकाच की तेव्हा तुझ्या मागे कोणी थांबलेलं नसायचं, केबल गोळा करता करताही गप्पा व्हायच्या. आता तुझ्या मागे बारा जण उभे असतात आणि त्यांतल्या एखाद्याने पुढचा शो देऊ केलेला असतो. तुझ्या खांद्यावरून तो पलीकडे बघत होता ना, तिथे बहुधा असंच कोणीतरी होतं.

हे झालं त्याच्या बाजूने. हल्ली त्याच्या डोक्यात हवा गेली आहे, अशीही शक्यता आहे. मला ते इथे बसून कळणार नाही आणि एका 'थँक्स'वरून तुलाही कळायचं नाही. खरं तर कळून उपयोगही नाही, कारण दोन्हीकडे तू करायचं ते एकच. सांगायचं आहे ते शोच्या दिवशी सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळी लिहून पाठव, आणि त्यात नेमकं काहीतरी असू दे. 'मस्त झालं' त्यांना चाळीस जण म्हणतात. 'दुसऱ्या कडव्यानंतर बेस थांबतो आणि तू एकटाच गातोस, तिथे हॉलमधली बडबड आपोआप बंद झाली' हे कोणी म्हणत नाही. वाजवणाऱ्याला ते स्टेजवरून कळलेलं नसतं, त्याला ते हवं असतं. उत्तर आलं तर छान. नाही आलं तरी वाचलेलं असतं.

आता जरा कडू बोलते. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर एक लेख लिहिला. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, आपण त्याला 'ओळखायला' लागतो, आणि त्याला आपला पत्ताही नसतो. चाहत्यांबद्दल बोलताना हल्ली हा लेख ऊठसूट पुढे केला जातो. तुझ्या बाबतीत तो नीट बसत नाही, आणि तुझी खरी अडचण तीच आहे. मोठ्या स्टारची चाहती असतीस तर नातं एकतर्फी आहे हे तुला पक्कं ठाऊक असतं. गावातल्या बँडचं तसं नसतं. गायकाला तुझं नाव माहीत होतं. तू आली नाहीस तर त्याच्या लक्षात यायचं. म्हणजे हे ना धड एकतर्फी, ना धड मैत्री. त्याच्या घरी कोण आजारी आहे ते तुला माहीत नाही, तू कुठे नोकरी करतेस ते त्याला माहीत नाही. ओळख होती ती एका खोलीपुरती, आणि आता ती खोली मोठी झाली.

यात तुझी फसवणूक कोणी केलेली नाही. पण तू मनातल्या मनात हजेरीपट ठेवत आलीस, असं मला पत्र वाचताना वाटलं. 'शो सहसा चुकवत नाही', 'वीसेक माणसं होती तेव्हापासून'. हजेरी मांडायला लागलं की तिचा मोबदला कधीतरी मिळेल असं वाटायला लागतं, आणि बँडला बिचाऱ्याला असा काही हिशोब चालू आहे याची खबरही नसते. 'मी पहिल्यापासून आहे' याचं चाहत्यांना भारी अप्रूप असतं. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवायला आला तेव्हा समोर चाळीसेक माणसं होती म्हणतात. पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हूक त्यांत होते, पुढे द स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसी होता. आज त्या संध्याकाळी हजर असल्याचं सांगणारी माणसं जमवली तर हॉल पुरायचा नाही. त्या गर्दीतल्या खऱ्या चाळिसांना तरी काय मिळालं? एक संध्याकाळ मिळाली, आणि ज्यांना तिचं काही करता आलं त्यांनी केलं. बँड त्यांना काही देणं लागत नव्हता.

तुझा बँड तुला चांगला शो देणं लागतो, तू त्यांना तिकिटाचे पैसे आणि लक्ष देणं लागतेस. शो संपला की दोन्हीकडचं फिटलं. त्यापुढे हाक मारली, गप्पा झाल्या, एखादं गाणं तुझ्याकडे बघून म्हटलं, तर तो वरकड आनंद. तो मागता येत नाही.

म्हणून टी-शर्टच्या टेबलाला माझा विरोध आहे. काम हलकं म्हणून नव्हे. छोट्या बँडसाठी ते टेबल फार मोलाचं असतं. दारावरच्या पैशांतून आधी हॉलचं भाडं, साउंडवाला, जाहिरात असं सगळं वजा होतं, उरलेल्यात आयोजक आणि बँड वाटणी करतात आणि बँडचा वाटा मग चौघांत फुटतो. ऐकण्याच्या ॲपवरून काय येतं म्हणशील, तर २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही वाजलं नसेल तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. त्या मानाने टी-शर्ट, कॅसेट, सीडी यांचे पैसे थेट बँडच्या हातात पडतात, म्हणजे हॉलने त्यातही वाटा मागितला नाही तर. ज्या मुलीने तुला विचारलं तिला हे पुरतं माहीत आहे आणि तिने विश्वासाचं माणूस निवडलं, यात अपमान काही नाही.

पण टेबल असतं दाराशी किंवा मागच्या भिंतीला लागून. खरी विक्री होते ती शो सुरू व्हायच्या आधी आणि संपल्या संपल्या. शेवटची दोन गाणी सुरू झाली की तुला सुटे मोजत, साइझप्रमाणे गठ्ठे लावत बसावं लागेल. मीडियम संपला म्हणून कोणीतरी तुझ्यावर चिडेल. महिन्याभरात तू त्यांचे शो ऐकणं बंद केलेलं असेल आणि तुझं तुलाच कळलेलं नसेल. शिवाय 'एन्ट्री फ्री' हा मोबदला म्हणून फसवा आहे. तू तिकीट काढणं बंद केलंस की दारावरचं एक माणूस कमी झालं आणि तुझा आवाजही गेला. पैसे भरून आलेल्या माणसाला नवीन गाणं न आवडण्याचा पूर्ण हक्क असतो. टेबलावर फुकट बसलेलीने तोंड वाकडं केलं तर 'आपलीच असून असं बोलते' होतं. आणि त्यात तो गायक पुन्हा एकदा 'हो हो, थँक्स' म्हणाला, तर या वेळी तुला वाटेल की आपण राबतो आणि हा बघतही नाही. तेव्हा तुझ्या म्हणण्यात थोडं तथ्यही असेल, म्हणून ते जास्त लागेल.

ते काम करायचंच असेल तर ठरलेल्या पैशांवर कर, कधीमधी कर आणि ज्या शोला ऐकायला जायचं असेल त्या शोला करू नकोस. मदत करायला दुसऱ्या वाटा आहेत आणि बँडला त्या टेबलापेक्षा कमी उपयोगाच्या नाहीत. तिकीट शेवटच्या दिवशी दारावर काढण्याऐवजी जाहीर झाल्याबरोबर काढ. आयोजक आगाऊ विक्रीचा आकडा बघत असतो. तो बरा दिसला की जाहिरात वाढते आणि पुढच्या वेळी त्याच बँडला बोलावणं येतं. अगदीच रोडावला तर शो रद्दही होतो. त्यांची गाणी बँडकँपसारख्या ठिकाणी असतील तर तिथून विकत घे. २००८ साली निघालेल्या या साइटवर डिजिटल गाण्याच्या विक्रीतले १५ टक्के साइट ठेवते, आणि २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी तेही सोडते. आणि आधी वाजवणाऱ्या बँडच्या वेळेपासून हॉलमध्ये हजर राहा. तुझा बँडही कधी असाच रिकाम्या हॉलसमोर आधी वाजवत होता.

आता गाण्याचं. सेटलिस्टमधून गाणं निघालं की चाहत्याला वाटतं, आपलं काहीतरी हिसकावून घेतलं. खरी कारणं बहुतेक वेळा रुक्ष असतात. चाळीस मिनिटांत आठ-नऊ गाणी बसतात. नवीन गाणी लोकांसमोर वाजवून बघितल्याशिवाय त्यांचं काय चुकतंय ते कळत नाही, मग जुनी दोन जातात. एखाद्या गाण्यासाठी गिटार वेगळ्या सुरात लावावी लागते आणि दुसरी गिटार आणायला जागा नसते. एखादं गाणं तीन वर्षांपूर्वी ज्या पट्टीत केलं, ती पट्टी रात्रीच्या शेवटी गायकाला झेपत नाही. आणि कधीकधी ते गाणं वाजवून वाजवून त्यांनाच विटलेलं असतं. यांतलं काहीही असलं तरी गेलेली गाणी परततात, साधारणपणे त्यांची आठवण काढणं लोकांनी सोडल्यावर. स्टेजसमोरून ओरडून फर्माईश करू नकोस एवढंच. तुझ्या दुपारच्या दोन ओळींत एकदा लिही आणि विषय सोडून दे.

सिंथबद्दल मात्र मला वेगळाच संशय आहे, आणि तो तुझ्या टोपणनावामुळे आला. पहिल्या रांगेत उभं राहून ऐकायला काय येतं? ड्रम थेट, गिटारच्या ॲम्पचा आवाज थेट, तोही जिकडे तोंड करून ठेवला असेल तिकडचा. गायकाचा आवाज येतो तो दोन्ही कडेच्या मोठ्या स्पीकरमधून, आणि ते तुझ्या पुढे किंवा बाजूला असतात, त्यांचा रोख तुझ्या मागच्या लोकांकडे. सिंथ तर पूर्णपणे स्पीकरच्या भरवशावर. सब-वूफर स्टेजच्या खाली असतील तर सिंथचा खालचा सूर तुझ्या पोटात घुमतो आणि वरचा डोक्यावरून निघून जातो. त्या गदारोळात नवीन गाणं चिखल वाटणारच. साउंडवाला मिश्रण करतो ते स्वतःच्या कानाने, स्वतःच्या टेबलाजवळ उभा राहून. त्यामुळे हॉलमधला सगळ्यात नीट आवाज त्याच्या आसपास असतो. पुढच्या शोला त्याच्या टेबलाच्या अलीकडे उभी राहा आणि ती तीन नवीन गाणी तिथून ऐक. नंतरही आवडली नाहीत तर आवडली नाहीत. बँड बदलतात आणि प्रत्येक बदल चांगलाच असतो असं म्हणणं हा चाहत्याचा भोळेपणा आहे. मला स्वतःला एखाद्या चांगल्या गिटार बँडने सिंथ घेतला की निम्म्या वेळा हळहळ वाटते. निम्म्या वेळा.

तिथे उभं राहिल्याने दुसरं एक साधेल. तुझ्या कानांचं तू ओझरतं लिहिलंस, दादाच्या टोमण्यात गुंडाळून, पण अख्ख्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती तिथे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिट्टी, म्हणजे कान त्याच्या सोसण्यापलीकडे गेला. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या हॉलमध्ये स्टेजला खेटून शंभराच्या आसपास आवाज सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी जे निकष काढले त्यांत सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, आणि प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत, मध्ये जाऊन बसायला शांत जागा असावी, हेही आहे. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी थांबली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असंही नाही. कोल्डप्लेचा क्रिस मार्टिन कितीतरी वर्षं कानातल्या या आवाजाबद्दल जाहीरपणे सांगतोय.

फोमचे साधे प्लग चालतील, पण ते वरचे सूर जास्त दाबतात आणि सगळं रजईतून ऐकल्यासारखं येतं. म्हणूनच लोक दुसऱ्या गाण्याला काढून खिशात टाकतात. संगीतासाठी केलेले, सगळे सूर सारखेच उतरवणारे प्लग मिळतात, ते घे. पहिलं गाणं विचित्र वाटेल, तिसऱ्यापर्यंत विसरशील, आणि गाण्याचे शब्द उलट जास्त कळतील. दोन्ही कानांत घाल. शोच्या मध्ये दहा मिनिटं बाहेर जाऊन ये, ओपनिंग बँड आणि आपला बँड यांच्या मधल्या वेळात तर नक्कीच. आणि एकदा कान तपासून घे. आता, या महिन्यात. प्लग घालूनही शिट्टी आली किंवा एरवीही यायला लागली तर शो दुय्यम, डॉक्टर आधी.

तुझी वही मला या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. आणि ती तू एका वाक्यात उडवलीस! खुद्द बँडकडे बहुधा ही नोंद नसते. तीन वर्षांपूर्वी कुठल्या क्रमाने काय वाजवलं, कोणतं गाणं पहिल्यांदा कधी लोकांसमोर आलं, कशाचा शेवट नंतर बदलला, हे त्यांनाही आठवत नाही. सेटलिस्टचा कागद शो संपल्यावर स्टेजवरच चिकटपट्टीसकट फाटतो. इंडी पॉपमध्ये असल्या वह्यांना परंपरा आहे. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स ही दोघं स्वतःच्या हाताने छापलेली चाहत्यांची मासिकं काढायची, त्यातूनच १९८७ मध्ये त्यांनी ब्रिस्टलला सारा रेकॉर्ड्स हे रेकॉर्ड लेबल सुरू केलं आणि १९९५ मध्ये, शंभरावी रेकॉर्ड काढून, ठरवून बंद केलं. तू कंपनी काढ असं मी म्हणत नाही. वहीत सेटलिस्टच्या बाजूला चार ओळी जास्त लिहायला लाग: कुठे सगळे गायले, कुठे काय फसलं, ओपनिंगला कोण होतं. तुझ्या हजेरीचं यापेक्षा बरं काही होऊ शकत नाही.

फोनमधल्या रेकॉर्डिंगचं जपून. ऐकण्यासाठी ठेव, पण बँडला विचारल्याशिवाय कुठे टाकू नकोस, आणि जे गाणं अजून बाहेर आलेलं नाही ते तर विचारूही नकोस. कच्चं गाणं लोकांनी आधी ऐकलं की ते पक्कं व्हायच्या आधीच त्याच्याबद्दल मत बनतं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांना साउंडच्या टेबलामागे वेगळी जागाच दिली, वेगळ्या तिकिटाने, आणि त्या टेप हातोहात फिरू दिल्या. अट अशी की विकायच्या नाहीत. पण परवानगी त्यांनी आधी दिली होती, म्हणून ते शोभलं. शूट करायचं तर एक गाणं कर, फोन छातीच्या उंचीवर धर, मग खिशात टाक. मागच्याने तिकीट तुझा स्क्रीन बघायला काढलेलं नाही.

दादाला उत्तर द्यायची गरज नाही. ३१ हे कसलंच वय नाही. कान दुखत नाहीत, पैसे उधारीचे नाहीत आणि नोकरी बुडत नाही, तोवर संध्याकाळी गाणी ऐकायला जाणाऱ्या बाईला कोणी काय म्हणावं? कानांबद्दल तो बरोबर आहे तेवढं मात्र मान्य कर.

मग शोंचं काय करायचं? एक शो चुकव. मुद्दाम, कुठलाही निमित्ताचा ताप न आणता. त्या संध्याकाळी दुसरा कुठला तरी बँड ऐक, ज्यातलं तुला कोणी ओळखत नाही, किंवा घरी बस. तुला तो शो गेल्याची रुखरुख लागते की न जाण्याची भीती वाटते, ते त्या दिवशी कळेल. रुखरुख असेल तर पुढच्या शोला आनंदाने जा. भीती असेल तर आणखी एक चुकव. त्यांचं काय होईल अशी काळजी करू नकोस, हॉल भरतोय असं तूच लिहिलंयस.

त्या मुलीला नाही म्हणायला तुला जड जाईल, म्हणून मजकूर देऊन ठेवते: 'विचारलंस, बरं वाटलं. पण मला शो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा असतो, त्यामुळे टेबलावर बसणं जमणार नाही. तिकीट मी काढते. जुन्या सेटलिस्ट कधी लागल्या तर माझ्याकडे सगळ्या लिहिलेल्या आहेत, सांग.' एवढंच. माफी मागू नकोस, 'पुढच्या वेळी बघू' असं शेपूट जोडू नकोस. आणि शोच्या दिवशी पाठवू नकोस, त्या दिवशी तिच्या फोनला श्वास नसतो. मंगळवार-बुधवार बघून पाठव.